मत नसलेल्या देशासोबत वॉशिंग्टनला

वॉशिंग्टनला जायचा आमचा बेत गेली सहा वर्षं अगदी पक्का होता. चेरीचा बहर बघायला निघणार होतो, तेव्हा ऑफिसात माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. चार जुलैची आतषबाजी बघायला निघणार होतो, तेव्हा वकिलाने ग्रीन कार्डसाठी आणखी कागद मागितले. शेवटी या ऑक्टोबरात, म्हणजे २००७ संपत आल्यावर, आम्ही खरंच गेलो. कारण पॅलेस्टाईन.

सांगतो. माझी मुलगी सई आमच्या कॅरी गावच्या शाळेत दहावीत आहे. शाळेत एक क्लब आहे. त्यातली मुलं देश वाटून घेतात, सूट घालतात आणि संयुक्त राष्ट्रांसारखी परिषद भरवून दोन दिवसांत जगाचे प्रश्न सोडवतात. यांच्या शाळेने फ्रान्स मागितला होता. फ्रान्स सगळेच मागतात. यांना मिळालं पॅलेस्टाईन, आणि तेसुद्धा देश म्हणून नाही, 'निरीक्षक' म्हणून. भाषण करा, प्रश्न विचारा, पण ठरावावर मत देऊ नका. विषय काय, तर पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता द्यावी का.

"म्हणजे ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांनाच मत नाही?" मी विचारलं.

"बाबा, खऱ्या यूएनमध्येपण तसंच आहे," सई म्हणाली.

"म्हणजे एच-फोर व्हिसासारखं. राहा, पण काम करू नका."

माझी बायको मंजिरी एच-फोरवर सहा वर्षं घरी आहे. ती हसली नाही.

शाळेकडे बससाठी पैसे नव्हते, म्हणून पालकांनी गाड्या काढायच्या असं ठरलं. माझ्या व्हॅनमध्ये सई आणि तिची जोडीदार रेचल. रेचल ज्यू आहे, आणि परिषदेत सईइतकीच पॅलेस्टाईन आहे. चिठ्ठी टाकणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? तिसरे प्रवासी डॉक्टरकाका. काका मूळ अमरावतीचे, १९७० साली इथे आलेले हृदयाचे सर्जन, आता निवृत्त. डोळे अधू झाल्यावर मुलीने त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली. ती वॉशिंग्टनजवळ राहते, तिच्याकडे काही दिवस जायचं होतं. "तू जातोच आहेस तर मला सोड," असं म्हणून ते बॅग घेऊन दारात उभे राहिले.

शुक्रवार: रस्ता आणि राष्ट्र म्हणजे काय

जाणाऱ्यांसाठी माहिती. कॅरीहून डरहॅमला येऊन ८५ नंबरचा हायवे घ्या, पीटर्सबर्गला ९५ लागतो, तो सरळ वॉशिंग्टन. अंतर पावणेतीनशे मैल. नकाशा म्हणतो साडेचार तास. नकाशा शुक्रवारी दुपारी फ्रेडरिक्सबर्गवरून कधी गेलेला नाही. आम्हाला पावणेसात लागले. पेट्रोल व्हर्जिनियात शिरल्यावर भरा, गॅलनमागे थोडं स्वस्त पडतं. खाण्याचं घरूनच न्या. मंजिरीने थालीपिठं दिली होती. रेचलने तीन खाल्ली आणि हा पदार्थ ज्या देशाचा असेल तो फ्रान्सला भारी पडेल, असं जाहीर केलं.

साउथ हिल मागे पडेपर्यंत काका डुलक्या घेत होते. मग त्यांनी मागे वळून पोरींना विचारलं, "देश कशाला म्हणतात सांगा बघू."

सईने पाठ केलं होतं. "कायमची लोकसंख्या, ठरलेला प्रदेश, सरकार, आणि दुसऱ्या देशांशी संबंध ठेवायची क्षमता."

काकांनी बोटं मोजली. "प्रदेश? सीमाच ठरलेल्या नाहीत. सरकार? गाझात एक, वेस्ट बँकेत दुसरं, आणि दोघं एकमेकांवर बंदुका रोखून. आधी घर नीट लावा, मग पाटी लावा. आणि आज यांना मान्यता दिली, तर उद्या जगात कोणीही उठेल, आम्हीपण देश म्हणेल. आपल्याकडचं काश्मीर माहीत आहे ना?"

"माझी आई म्हणते, आधी दोघांत करार व्हावा, मग देश," रेचल म्हणाली. "नाहीतर इस्रायलची सुरक्षितता कोण बघणार?" रेचल इंग्रजीतच बोलते, मी तिला मराठीत आणतोय.

"पण मग देश व्हायचं की नाही, हे समोरचा ठरवणार," सई म्हणाली. "त्याने करार केलाच नाही तर?"

"आणि यांनी बाँब थांबवलेच नाहीत तर?"

या दोघी एकाच शिष्टमंडळात होत्या, हे पुन्हा सांगतो.

मग सईने काकांकडे मोर्चा वळवला. "आजोबा, आपल्या गावात दोन मराठी मंडळं आहेत ना? तुमच्या मंडळाला कोणी मान्यता दिली?"

नव्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणात बासुंदी की श्रीखंड यावरून मंडळ फुटलं. काका फुटलेल्या मंडळाचे संस्थापक. दोन्ही मंडळं एकमेकांना 'ते तथाकथित' म्हणतात. दोघांच्या सीमा अस्पष्ट आहेत, लोकसंख्या तीच आहे, फक्त जेवण बघून इकडून तिकडे जाते.

काका रिचमंडपर्यंत काही बोलले नाहीत. रिचमंडला म्हणाले, "आमचं रजिस्ट्रेशन आहे."

काकांना मुलीकडे सोडलं आणि आम्ही हॉटेलात पोहोचलो. परिषद तिथेच होती. शहरात गाडी आणू नका, हा माझा आणखी एक सल्ला. हॉटेलचं पार्किंग दिवसाला पंचवीस डॉलर, आणि गाडी दोन दिवस तशीच उभी राहते. शहराबाहेर मेट्रोच्या स्टेशनला लावा, आत ट्रेनने या.

दोन गल्ल्या सोडून फलाफलचं एक छोटं दुकान सापडलं. सहा टेबलं, काउंटरवर पांढऱ्या मिशीचा मालक. सहा डॉलरात पोटभर. पोरींनी ताटं बाजूला सारून भाषणाची तालीम सुरू केली. "पॅलेस्टाईनच्या वतीने मी या सभागृहाला..." एवढं सई म्हणाली, आणि मालक हातातला फडका ठेवून आमच्याकडे आला.

"तुम्ही पॅलेस्टाईन का?" त्याने विचारलं. "छान. मग मी आज सुट्टी घेतो."

त्याचं नाव ओमर. नाब्लुसजवळच्या गावचा, इथे येऊन तीस वर्षं झालेली. पोरींनी सगळं समजावून सांगितलं. मत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "अभ्यास बरोबर केलाय त्यांनी." मग रेचल अचानक म्हणाली, "मी ज्यू आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

"माझा दाताचा डॉक्टरपण ज्यू आहे," ओमर म्हणाला. "तो मला तोंड उघडायला लावतो आणि मग राजकारणावर बोलतो. तू निदान मला बोलू देशील."

रेचल हसली. तो खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला. तो सत्तेचाळीस साली जन्मला, धाकटा भाऊ बावन्न साली. घर तेच, खोली तीच, सुईणसुद्धा तीच. दोघेही आता अमेरिकन नागरिक. पण पासपोर्टमध्ये जन्मस्थान लिहिताना थोरल्याचं आलं 'पॅलेस्टाईन' आणि धाकट्याचं 'वेस्ट बँक'. अठ्ठेचाळीसच्या आधी जन्मलेल्यांनाच तो शब्द मिळतो, असा नियम आहे म्हणे.

"आई जिवंत होती तोवर विचारायची, मी तर कुठे गेलेच नव्हते, मग तुम्ही दोन जागी कसे जन्मलात?"

सईने विचारलं, "हे मी उद्या सांगू?"

त्याने टेबलावरचा पेला बाजूला सारला. "नाव नको घेऊस. भाऊ भित्रा आहे. पण खोलीचं सांग."

मला तो भाऊ एकदम जवळचा वाटला. का, ते पुढे येतं.

शनिवार: नॉर्वे

सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी सईच्या शिक्षिका मिस डॉसन भेटल्या. अतिशय प्रेमळ बाई. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सईच्या देखत म्हणाल्या, "तुम्ही आलात, किती बरं वाटलं! तुमच्या त्या ईमेलनंतर मला फार काळजी वाटत होती."

सईने विचारलं, "कुठली ईमेल?"

आता लिहितोच. महिनाभरापूर्वी मी मिस डॉसनना गुपचूप लिहिलं होतं, की सईला दुसरा एखादा देश देता आला तर बरं. मी नॉर्वे सुचवला होता. नॉर्वेने कोणाचं काय वाकडं केलंय? कारण म्हणून मी 'अभ्यासाचा ताण' असं लिहिलं होतं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या ग्रीन कार्डची फाईल कुठल्यातरी टेबलावर पडून आहे आणि माझं नाव तपासलं जातंय. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला विमानतळावर तीन तास बसवून ठेवलं होतं, कारण कोणाला कधीच कळलं नाही. आमचा रंग हा असा. त्यात पोरीचं नाव आणि पॅलेस्टाईन एका कागदावर छापून यायचं, तेही वॉशिंग्टनमध्ये. माझ्या डोळ्यांसमोर एक साहेब तो कागद माझ्या फाईलला टाचणी लावून जोडत होता. रोज रात्री जोडत होता. मिस डॉसननी उत्तर दिलं होतं, देश बदलता येत नाहीत. मी ते डिलीट करून टाकलं.

सई मला बाजूला घेऊन गेली. काळा कोट, केस घट्ट बांधलेले, माझ्यापेक्षा मोठी दिसत होती. "बाबा, तुला वाटलं मी काहीतरी चुकीचं बोलेन?"

कोणी असं सरळ विचारलं की विनोद सुचत नाही. मी म्हटलं, "नाही गं. बरोबर बोलशील, याचीच भीती वाटली."

"ओके," ती म्हणाली, आणि आत गेली. तिच्या 'ओके'चे सात प्रकार आहेत. हा मी पूर्वी ऐकलेला नव्हता.

सभागृह म्हणजे हॉटेलचा लग्नाचा बँक्वेट हॉल. वर झुंबरं, खाली देश. पॅलेस्टाईनची पाटी सर्वात शेवटी, पाण्याच्या पिंपाशेजारी. येणारा प्रत्येक देश तिथे पेला भरायचा आणि पॅलेस्टाईनला "एक्स्क्यूज मी" म्हणायचा. मागे पालकांच्या खुर्च्या. दहाच्या सुमाराला काका हजर. नातवाची सॉकर मॅच त्यांना पंधरा मिनिटं सोसली होती.

पहिले दोन तास एका वाक्यावर गेले. ठरावात 'चिंता व्यक्त करते' लिहिलं होतं. फ्रान्सला 'तीव्र चिंता' हवी होती. अमेरिका, म्हणजे ओहायोची एक चुणचुणीत मुलगी, 'तीव्र'ला राजी नव्हती. 'वाढती' चालेल म्हणाली. शेवटी 'सातत्यपूर्ण चिंता' मंजूर झाली आणि टाळ्या पडल्या. मला रोजच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटलं, फरक एवढाच की ही मुलं वेळेवर आली होती. पुढच्या महिन्यात इथून तासाभरावर मोठी माणसं याच विषयावर खरी परिषद भरवणार आहेत. त्यांनी या मुलांकडून कोटाची घडी तरी शिकून घ्यावी.

मग भारताची पाळी आली. भारत म्हणजे कुठल्याशा शाळेचा उंच, सोनेरी केसांचा मुलगा. तो उठला आणि म्हणाला, "भारत हा शांततावादी देश आहे. पॅलेस्टाईनला मान्यता द्यायची की नाही, याबद्दल भारताने अजून काहीच ठरवलेलं नाही."

माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"नॉन्सेन्स!" डॉक्टरकाका उभे होते. "इंडिया रेकग्नाइज्ड इन नाइन्टीन एटी-एट! एटी-एट! यू डिड नॉट ओपन वन बुक?"

अध्यक्षबाई, वय वर्षं सतरा, यांनी हातोडा आपटला. गळ्यात बिल्ला घातलेली एक मुलगी धावत आली. "सर, आय नीड यू टु लीव्ह द गॅलरी." ज्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या छात्या उघडल्या आणि ज्याच्यापुढे ऑपरेशन थिएटरात कोणी हूं की चूं केलं नाही, तो माणूस त्या पोरीच्या मागे निमूट चालत बाहेर गेला. मीही गेलो.

बाहेर काका घाम पुसत होते. "अठ्ठ्याऐंशीच ना रे विनय?"

"हो काका. पण तुम्ही तर कालपासून मान्यतेच्या विरोधात आहात."

"आहेच. तेव्हाही होतो, आजही आहे. कॉलेजच्या मेसमधल्या मित्रांशी फोनवर भांडलो होतो तेव्हा." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "पण दिली म्हणजे दिली. आपण दिलेला शब्द त्या पोराने असा पुसून टाकायचा?"

काकांना परत आत सोडेनात. ते दाराला कान लावून बसले आणि मी फटीतून बघू लागलो. त्यामुळे सईचं भाषण मी तीन इंच रुंद ऐकलं.

तिने ठरावाबद्दल फारसं काही सांगितलं नाही. एक खोली आहे, म्हणाली. त्या खोलीत पाच वर्षांच्या अंतराने दोन भाऊ जन्मले. मग पासपोर्टांचं सांगितलं. नाव घेतलं नाही. पाण्याच्या पिंपापाशी पोर्तुगाल उभा होता, तो पेला भरायचं विसरला. सई शेवटी म्हणाली, "तुम्ही इथे सकाळपासून शब्द निवडताय. कुठलाही निवडा. पण दोघांना एकच द्या." आणि बसली.

मग इस्रायल उठला. तोही दूरच्या राज्यातला मुलगा, गृहपाठ पक्का केलेला. त्याने शांतपणे विचारलं, "पॅलेस्टाईनच्या प्रतिनिधींनी सांगावं. उद्या तुमचा देश झाला, तर तो माझ्या देशाला मान्यता देईल का? सगळ्यांच्या वतीने सांगता येईल तुम्हाला? की अर्ध्यांच्याच?"

प्रश्न खरा होता आणि अवघडही. सईने कागद चाळले. पुन्हा पहिल्यापासून चाळले, हे मला तीन इंचांतूनही दिसलं. आणि रेचल उठली.

"सगळ्यांच्या वतीने मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "माझ्या वतीने सांगते. हो. द्यायलाच हवी, आणि न देणारे चुकतात. आता माझा तोच प्रश्न तुम्हाला."

इस्रायलने स्वतःच्या टिपणांकडे बघितलं. पान उलटलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मला हे तपासावं लागेल."

सभागृह हसलं. तोही हसला. रेचल बसली, आणि सईने टेबलाखाली तिचा हात धरला.

रविवार: निकाल

सकाळी मतदान. ठरावाला तोवर अकरा दुरुस्त्या झाल्या होत्या. शेवटच्या मसुद्यात मान्यता हा शब्द उरलेला नव्हता. 'मान्यतेसंबंधीच्या प्रक्रियेचा विचार करण्याच्या शक्यतेसाठी समिती नेमावी' असं काहीतरी होतं. एकमताने मंजूर. सगळे देश उभं राहून टाळ्या वाजवत होते. पॅलेस्टाईन पिंपाशेजारी पाटी उलटी ठेवून बसलं होतं. सर्वोत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस फ्रान्सला मिळालं. आमच्या पोरींना 'उल्लेखनीय' असं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर सईचं नाव चुकलं होतं. वॉशिंग्टनमधल्या कागदावर तिचं नाव येईल म्हणून महिनाभर झुरणारा बाप तिथेच खदाखदा हसला. कोणाला कारण सांगता आलं नाही.

निघण्याआधी तीन तास म्युझियमं बघितली. सगळी फुकट आहेत, रविवारी उघडी असतात, आणि रांगा फक्त विमानांच्या म्युझियमला. पोरींना मात्र ओमरच्या दुकानात जायचं होतं.

"पास झाला का?" त्याने विचारलं.

"झाला," सई म्हणाली.

"म्हणजे मला देश मिळाला?"

"नाही. समिती."

"समित्या आहेत आमच्याकडे," ओमर म्हणाला, आणि आत जाऊन बकलाव्याचा डबा घेऊन आला. निघताना रेचलला म्हणाला, "खोलीचं सांगितलं ना तिने?" रेचलने मान हलवली. तो "बस" एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परतीच्या वाटेवर झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती. रेचल मागे झोपली. सई पुढे माझ्या शेजारी बसली होती, पण पीटर्सबर्गपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तू मला विचारायला हवं होतंस. मी भिले असते कदाचित. पण मला कळलं तरी असतं, कशाला भ्यायचं ते."

मी म्हटलं, "चुकलं माझं." मराठीत म्हटलं. सॉरी तर मी दिवसातून वीस वेळा म्हणतो, ऑफिसात प्रिंटरलासुद्धा.

"ओके," सई म्हणाली. हा ओळखीचा होता.

रेचलला तिच्या घरी सोडून आमच्या घरी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. मंजिरीने दार उघडलं.

"झाला का मग देश?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हात धुवा. वरण गरम करते."

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने शेवटी काय मिळवलं ते सांगावं लागतं. मला राजकारण पूर्वीइतकंच कळतं, म्हणजे नाही. ओमरच्या भावाला कुठला शब्द मिळावा, हे ठरवणारा मी कोणी नाही. पण एवढं दिसलं, की गाडीत, दुकानात आणि त्या झुंबरांखाली जी माणसं खरोखर काही बोलली, त्यांच्यापैकी एकालाही मत नव्हतं. ज्यांना होतं, ते विशेषणं निवडत होते. आणि मी, ज्याला कोणी काही विचारलंसुद्धा नव्हतं, तो आधीच नॉर्वेला पळायच्या तयारीत होतो.

जेवताना सईने आईला सगळं सांगितलं, दीड तास. मंजिरीने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी तिने विचारलं, "पुढच्या वर्षी तरी फ्रान्स मिळेल का गं?"

"आम्ही फ्रान्स मागितलाच नाही," सई म्हणाली. "रेचल आणि मी मिस डॉसनना तिथून निघतानाच सांगितलं. आम्हाला इस्रायल हवाय."

माझा घास हातातच राहिला. "का?"

"त्या खुर्चीवरून कसं दिसतं ते बघायचंय." तिने ताटातला शेवटचा भात गोळा केला. "आणि बाबा, त्यांना मत असतं."